नरिमन पॉइंटचे भाडे

१९९५-९६च्या सुमारास नरिमन पॉइंटवरची कार्यालयाची जागा जगातल्या सर्वांत महागड्या जागांमध्ये मोजली जात होती. लंडन आणि टोकियोशी तिची तुलना होई, आणि काही पाहण्यांमध्ये मुंबईचा क्रमांक पहिलाही लागला होता. ते दशक संपता संपता तिथले भाव जवळजवळ निम्म्यावर आले. या चढउताराचे स्पष्टीकरण सहसा मागणी-पुरवठा या जोडशब्दाने उरकले जाते: परदेशी बँका आल्या तेव्हा भाव चढले, त्या दुसरीकडे गेल्या तेव्हा उतरले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. मुंबईत कार्यालयांची जमीन कुठे, केव्हा आणि किती निघणार हे गेल्या दीडशे वर्षांत बाजाराने क्वचितच ठरवले. ते सरकारने ठरवले. कधी समुद्र बुजवून, कधी बांधकाम रोखून, कधी भाडे कायद्याने गोठवून. म्हणून दक्षिण मुंबईतल्या भाड्याचा इतिहास हा आधी सरकारी निर्णयांचा इतिहास आहे आणि मग व्यापाराचा.

सुरुवात कोटापासून करावी लागते. १८६२मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसावाचून पर्याय राहिला नव्हता, शहरात पैसा लोटत होता आणि पेढ्यांना जागा हवी होती. तट पाडल्यावर मोकळी झालेली जमीन सरकारच्या हातात होती. तिचे भूखंड पाडून विकले गेले आणि त्यातून आजचा फोर्ट भाग उभा राहिला. त्याच वेळी बॅकबेची खाडी बुजवण्यासाठी निघालेल्या खासगी कंपनीच्या शेअरवर अख्ख्या शहराने सट्टा लावला. १८६५मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडियेही बुडाले आणि भराव अर्धवट राहिला. खासगी भांडवलाने समुद्र हटवण्याचा तो मोठा प्रयत्न फसला, हे इथे महत्त्वाचे. त्यानंतरचा बॅलार्ड इस्टेटचा सुमारे बावीस एकरांचा भराव केला तो पोर्ट ट्रस्टने, अलेक्झांड्रा गोदीसाठी खोदलेल्या मातीतून. १९१४ ते १९१८ या काळात जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे तिथे एका उंचीच्या, एका वळणाच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. जमीन मात्र ट्रस्टने स्वतःकडेच ठेवली आणि भाडेपट्ट्याने दिली. मुंबईतला मोठा घरमालक ही सार्वजनिक संस्था असते, ही रीत तेव्हापासून पक्की झाली.

१९२०च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबेचे काम सरकारी तिजोरीतून पुन्हा काढले. खर्चाचे अंदाज चुकले. उपसून टाकलेला गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जात होता. हा कारभार चव्हाट्यावर आणणारे वकील म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांच्यावर एका अधिकाऱ्याने बदनामीचा खटला भरला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. आठ भागांपैकी चारच भाग तेव्हा पुरे झाले. पुढे त्याच खाडीत नव्याने भराव घालून जो कार्यालयी परिसर झाला त्याला नरिमन यांचेच नाव मिळाले. सरकारी जमिनीच्या हिशेबाबद्दल जाब विचारणाऱ्या माणसाचे नाव त्या जमिनीला आहे, याची आठवण तिथे रोज कामाला जाणाऱ्यांनी ठेवायला हवी.

आता या इतिहासातला सर्वांत कळीचा भाग. १९५८मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सांगितले की, मुंबईची गर्दी कमी करायची तर ठाण्याच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही विकेंद्रीकरणाचीच दिशा धरली. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये नव्या मुंबईचा आराखडा मांडला आणि ती उभारण्यासाठी १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. या सगळ्यामागचे गृहीतक सरळ होते: कचेऱ्या हलल्या तर माणसे हलतील, आणि पहिली कचेरी सरकारची हलावी. पण त्याच वर्षांत त्याच सरकारने बॅकबेत भराव घालून नरिमन पॉइंटचे भूखंड भाडेपट्ट्याने वाटले. एक्स्प्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची इमारत सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात उभी राहिली. भूखंडवाटपाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. सचिवालय, म्हणजे आजचे मंत्रालय, १९५५पासून तिथेच होते, आणि १९८१मध्ये विधानभवनही शेजारीच उभे राहिले. सरकार एका हाताने खाडीपलीकडे बोट दाखवत होते आणि दुसऱ्या हाताने बेटाच्या टोकाला जमीन तयार करत होते. ज्या कंपनीला मंत्रालयात खेपा घालायच्या आहेत ती खाडीपलीकडच्या बेलापूरला कशाला जाईल? या निर्णयाची किंमत कंपन्यांनी भाड्याच्या रूपाने मोजली, पण तिच्यापेक्षा मोठी किंमत डोंबिवली, विरार, कल्याणहून रोज सकाळी एकाच दिशेने भरून जाणाऱ्या लोकलमधल्या कारकुनांनी मोजली. ती कुठल्याच भाडेकरारात दिसत नाही.

भाडे गोठवण्याचा धागाही याला जोडून येतो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले. फोर्टमधल्या एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढावा. प्रत्येक मजल्यावर दाराशेजारी पाच-सहा पेढ्यांच्या पाट्या, आत पोटमाळा घालून केलेली दुसरी कचेरी, आणि महिन्याची भाडेपावती काही शे रुपयांची. मालकाला त्यातून रंगही काढता येत नाही. खरा व्यवहार व्हायचा तो पागडीत, म्हणजे जागेचा ताबा मिळवण्यासाठी दिलेल्या रकमेत, आणि जागा एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे गेली की त्या रकमेचा ठरलेला वाटा मालकाला मिळायचा. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर असलेल्यांनाही कायद्याने संरक्षित भाडेकरू केले, तेव्हापासून मालक जागा भाड्याने द्यायलाच धजेनात. दिलीच तर भले मोठे डिपॉझिट घेऊन. म्हणजे शहरात कचेऱ्यांच्या दोन दुनिया झाल्या. एकीत भाडे जवळजवळ शून्य आणि जागा कधीच मोकळी न होणारी. दुसरीत थोडी नवी जागा आणि तिच्यावर साऱ्या मागणीचा भार. नरिमन पॉइंटचे आकाशाला भिडलेले दर या दुसऱ्या दुनियेचे होते. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे अवास्तव ठरवले. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि त्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचे संरक्षण काढून घेतले. जुन्या दरात बसलेल्या मोठ्या कंपन्यांना एक तर बाजारभाव द्यावा लागला किंवा जागा सोडावी लागली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला भूगोलाचा: मुंबई अरुंद बेट आहे, टोकाला जागाच नाही, मग भाडे चढणारच. पण ज्या शहराने सात बेटे जोडून जमीन केली तिथे भूगोल हा अंतिम शब्द कधीच नव्हता. जमीन निघाली ती निर्णयाने, आणि थांबली तीही निर्णयाने. बेटशहरात नवी कार्यालये वाढू नयेत म्हणून १९७७मध्ये निर्बंध आले, आणि फेब्रुवारी १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरावाला लगाम घातला. दोन्ही निर्णय मला योग्यच वाटतात. चूक होती ती पर्यायी जागा तयार नसताना ते घेण्याची. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १९९१चे उदारीकरण नसते तर भाव चढलेच नसते. खरे आहे. पण उदारीकरण दिल्लीतही आले आणि बंगळूरमध्येही. ती शहरे पसरत गेली. मागणी तीच असूनही मुंबईत ती मोजक्या टॉवरांत कोंडली, कारण बाकीची दारे आधीच बंद होती.

पर्याय अखेर आला तो वांद्रे-कुर्ला संकुलाच्या रूपाने. सुमारे ३७० हेक्टरांच्या या क्षेत्राचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (आजची एमएमआरडीए) १९७७मध्ये सोपवले गेले, पण राष्ट्रीय शेअर बाजार, बँका आणि २०१०मध्ये भारत डायमंड बोर्स तिथे जाईपर्यंत दोन-तीन दशके गेली. ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांतले हिरे व्यापारी तिथे हलले, आणि नरिमन पॉइंटच्या टॉवरांत मजले रिकामे दिसू लागले. नियोजनाने गर्दी हलवता येते याचा हा चांगला पुरावा आहे. तरीही एक गोष्ट खटकते. एमएमआरडीए तिथली जमीन ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने लिलावात देते, आणि रस्ते-मेट्रोचा पैसा त्या बोलीतूनही उभारते. ज्या संस्थेचे उत्पन्न चढ्या दरावर चालते तिच्याकडून दर उतरवण्याची अपेक्षा कशी करायची? गिरणगावात तर एवढे नियोजनही झाले नाही. २००१मध्ये नियम बदलून गिरण्यांच्या फक्त मोकळ्या जमिनीतून सार्वजनिक वाटा काढायचे ठरले, २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि लोअर परळच्या चाळींसमोर काचेच्या कचेऱ्या आल्या.

आज चाक पुन्हा दक्षिणेकडे फिरते आहे. सागरी किनारा रस्ता २०२४मध्ये खुला होऊ लागला, कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण झाली. राज्य सरकारने एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घेण्याचे ठरवले, म्हणजे आपणच भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरची इमारत आपणच परत घेण्याचा हा निर्णय. रिझर्व्ह बँकेने नरिमन पॉइंटवरचा सव्वाचार एकरांच्या आसपासचा भूखंड मेट्रो कंपनीकडून ३,४७२ कोटींना विकत घेतला. विकणाराही सरकारी, घेणाराही सरकारी, आणि त्या आकड्यावर पुढची दहा वर्षे आसपासच्या प्रत्येक दलालाचा भाव ठरणार. यानंतरचा मोठा साठा पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथे बंदर प्राधिकरणाकडे शेकडो हेक्टर जमीन आहे. तिथला प्रत्येक भाडेपट्टा, त्याची मुदत आणि त्याचा दर लोकांसमोर उघडा मांडला जावा, आणि कचेऱ्यांआधी तिथे कामाला येणाऱ्यांची घरे आणि गाड्या ठरवल्या जाव्यात, ही मागणी मुंबईकरांनी पहिला लिलाव पुकारण्यापूर्वी करायला हवी.