धावणारा एकटा, बंदीही एकट्यालाच? लांब पल्ल्याच्या शर्यतीचा इतिहास आणि आपण

पहाटे पाचच्या सुमारास येडशीहून रामलिंगाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिलात तर अंधारात पावलांचा आवाज येतो. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कुणाचा डोळा सैन्यावर, कुणाचा एसआरपीएफवर. आम्ही कार्यकर्ते या मुलांमध्ये ऊठबस करतो. मागच्या हिवाळ्यात त्यातल्या एकाने खिशातून गोळ्यांची पुडी काढली. पुडीवर नाव नाही, लेबल नाही. म्हणाला, "दादा, ही घेतली की दम लागत नाही म्हणतात. घेऊ का?"

आम्ही अर्थातच नको म्हणालो. त्यावर त्याने विचारलं, "मग मोठे खेळाडू घेतात त्यांचं काय होतं?" आम्ही म्हणालो, त्यांच्यावर बंदी येते. पण घरी आल्यावर आम्हालाच आमचं उत्तर अपुरं वाटलं. बंदी धावणाऱ्यावर येते. ज्याने औषध दिलं, ज्याने पैसा लावला, ज्याची जाहिरात त्या छातीवर होती, त्याचं काय होतं? याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे, इतिहासात जावं लागतं.

मैदानातली सोवळ्या-ओवळ्याची रेषा

आज आपण 'हौशी खेळाडू' हा शब्द सहज वापरतो. पण या शब्दाचा जन्म निर्मळ नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या उच्चवर्गीयांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली तेव्हा त्यातून कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळलं. जो हाताने काम करून पोट भरतो तो आमच्यासोबत धावू शकत नाही, असा तो नियम. १८८० साली अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा मजुरांना दार उघडलं गेलं. पण खेळून पैसे घेणारा मात्र बाटलेलाच राहिला. ज्याच्या घरात पिढीजात पैसा आहे त्याला 'मी पैशासाठी खेळत नाही' म्हणणं सोपं असतं. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. कष्ट करून खाणाऱ्याला अपवित्र ठरवायचं आणि फुकट खाणाऱ्याला पवित्र, हा कावा आपण हजारो वर्षं भोगला आहे.

जिम थॉर्प हा अमेरिकेतला आदिवासी खेळाडू. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्ण जिंकलं. आधी कधीतरी किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून पुढच्याच वर्षी त्याची पदकं काढून घेतली. त्याला एकमेव विजेता म्हणून पुन्हा मान्यता मिळायला २०२२ साल उजाडलं. फिनलंडचा पावो नुर्मी हा लांब पल्ल्याचा त्या काळातला सर्वांत मोठा धावपटू. पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याला १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावू दिलं नाही.

आणि औषधाचं काय? १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत स्ट्रिक्नीन आणि ब्रँडी पाजली होती. त्याचं पदक कायम राहिलं. म्हणजे त्या काळी विष चालत होतं, मजुरी चालत नव्हती! कोणता दोष अक्षम्य ठरवायचा, हे कायम वरच्यांनीच ठरवलं.

अनवाणी पोरं आणि पहिला प्रायोजक

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. साल १९१९, पुण्याचं डेक्कन जिमखाना. तिथल्या क्रीडा स्पर्धांना सर दोराबजी टाटा हजर होते. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या स्पर्धांचं वर्णन केलं. धावणारी मुलं शेतकरी घरांतली होती, शेतात राबणारी, साध्या भाकरीवर जगणारी, अनवाणी धावणारी. आधुनिक प्रशिक्षण किंवा युरोपीय नियम त्यांना ठाऊक नव्हते, तरीही त्यांचा वेग पाहून टाटा थक्क झाले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठवायचं ठरलं आणि खर्चाचा मोठा भार टाटांनी उचलला. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार तिथे मॅरेथॉन धावले. चौगुले २ तास ५० मिनिटांत १९ वे आले.

म्हणजे आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या धावण्याला उद्योगपतीचा पैसा शंभर वर्षांपूर्वीच लागला. हे नाकारायचं कारण नाही. त्या पैशाशिवाय चौगुले अँटवर्पला पोचले नसते. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवसापासून एक नातं पक्कं झालं : पाय कष्टकऱ्याचे, तिकीट मालकाचं. तिकीट मिळणं हा हक्क ठरला नाही, मेहेरबानी ठरली. मेहेरबानीत करार नसतो, दुखापतीचा खर्च नसतो, म्हातारपणाची सोय नसते.

कंपनीचं नाव छातीवर, कंपनी मात्र नामानिराळी

१९८० च्या दशकात हौशीपणाचा नियम मोडीत निघाला. बक्षिसाची रक्कम उघड झाली, बूट कंपन्या धावपटूंशी करार करू लागल्या. गरिबाच्या पोराला धावून कमावता येऊ लागलं, हे चांगलंच झालं. पण या करारांत एक मेख होती. पळालास तर पैसा, थांबलास तर कपात. २०१९ साली अमेरिकेच्या अ‍ॅलिसिया मोंटॅनो आणि अ‍ॅलिसन फेलिक्स यांनी, बाळंतपणात कंपन्या खेळाडूंचे पैसे कसे कापतात, हे जाहीरपणे सांगितलं, तेव्हा जगाला ही मेख दिसली.

उत्तेजक द्रव्यांविरुद्ध जागतिक संस्था, म्हणजे वाडा, १९९९ साली स्थापन झाली. तिच्या संहितेचा पाया असा : खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. 'मला माहीत नव्हतं' म्हटलं तर शिक्षा कमी होऊ शकते, दोष जात नाही. प्रशिक्षक आणि डॉक्टरवरही संहितेत कारवाईची तरतूद आहे. मात्र प्रायोजक कंपनीला शिक्षा करण्याची तरतूद नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण नायकी कंपनीचं. कंपनीच्या पैशावर चाललेल्या ओरेगॉन प्रोजेक्टचे प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांच्यावर २०१९ साली चार वर्षांची बंदी आली. आरोप होते टेस्टोस्टेरॉन बाळगून पुरवल्याचे, तपासात ढवळाढवळ केल्याचे. टेस्टोस्टेरॉनचा मलम किती लावला तर चाचणीत सापडतो, असा प्रयोग तिथे झाला होता आणि त्याची माहिती ईमेलने कंपनीच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापर्यंत जात होती. आपल्या खेळाडूंना कुणी घातपाताने मलम लावू नये म्हणून हा प्रयोग केला, असा बचाव दिला गेला. कंपनीने सालाझारच्या अपिलाला पाठिंबा दिला आणि प्रोजेक्ट बंद केला. बूट विकणं मात्र एक दिवसही थांबलं नाही.

आता केनियाकडे पाहा. रिटा जेप्टू, अ‍ॅस्बेल किप्रॉप, विल्सन किपसांग. एकामागून एक नावं बंदीच्या यादीत गेली. मॅरेथॉनमध्ये २ तास १० मिनिटांच्या आत धावणारी पहिली स्त्री रुथ चेपनगेटिच हिच्यावर २०२५ साली तीन वर्षांची बंदी आली. २०२२ साली तर अख्ख्या केनिया देशावर बंदी येण्याची वेळ आली होती. सरकारने पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर खर्च करण्याचं कबूल केलं तेव्हा ती टळली. या यादीतल्या कुणालाही आम्ही निर्दोष म्हणत नाही. पण देशावर बंदीची चर्चा होते, कंपनीवर होत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्या घरातला हिशोब

वाडाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार भारतात ७,११३ नमुन्यांपैकी २६० पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक. यातले सर्वाधिक, ७६, अ‍ॅथलेटिक्समधले. महाराष्ट्र यात मागे नाही. नाशिकच्या संजीवनी जाधव यांच्या २०१८ च्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं. हे औषध इतर द्रव्यं लपवण्यासाठी वापरलं जातं म्हणून त्यावर बंदी आहे. त्यांनी दोन वर्षांची शिक्षा भोगली आणि पुन्हा मैदानात उतरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये एका तरुण मुलीच्या नमुन्यात ऑक्झँड्रोलोन हे स्टेरॉइड सापडलं. तिला चार वर्षांची बंदी झाली. तिचं नाव बातम्यांत सगळीकडे छापलं गेलं. आम्ही इथे पुन्हा छापणार नाही. विशीतल्या मुलीच्या हातात ते औषध कुठून आलं, कुणी दिलं, कितीला विकलं, हे मात्र त्या बातम्यांतून आम्हाला कळलं नाही.

पोरं औषधाकडे का वळतात? टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिल्या आलेल्या परदेशी धावपटूला ५० हजार डॉलर मिळतात, पहिल्या भारतीयाला ५ लाख रुपये. आपल्या गावातल्या शेतमजुराच्या घरासाठी ५ लाख म्हणजे आयुष्य पालटणारी रक्कम. त्याहून मोठं आमिष नोकरीचं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. एक पदक, एक प्रमाणपत्र आणि घरातला पहिला पगार. एकीकडे कंत्राटीकरणाने कायम जागा आटत चालल्या आहेत, अनुशेष भरला जात नाही. दुसरीकडे एकेका जागेमागे झुंबड. अशा वेळी लेबल नसलेली पुडी विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

पण दुसरी वाटही आपल्याच मराठवाड्याने दाखवली आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. कष्टकरी घर, शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तोही ५ महार बटालियनमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. सैन्यातच क्रॉस कंट्री धावू लागला, मग स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्य जिंकलं, सुवर्णापासून अवघ्या ०.०५ सेकंदाने दूर. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

महार रेजिमेंट कशी उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लढाऊ जातींच्या सिद्धांताचं निमित्त करून इंग्रजांनी महारांची भरती थांबवली होती. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावात रेजिमेंट उभी राहिली. साबळेला पहिल्यांदा मिळाला तो नियमित पगार, पोटभर जेवण, बूट आणि मैदान. कुणा मालकाची मेहेरबानी त्याला लागली नाही. सैन्यातही औषधाची प्रकरणं घडतात, आम्ही भाबडे नाही. पण पगाराची शाश्वती असेल तर माणूस चार वर्षं धीर धरू शकतो, हे खरं आहे. आणि ज्यांच्याकडे पदकं आहेत त्यांना तरी ही शाश्वती मिळते का? २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य जिंकणाऱ्या सावरपाड्याच्या आदिवासी कन्या कविता राऊत यांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी वर्षानुवर्षं जाहीरपणे दाद मागावी लागली.

बाबासाहेबांचं सूत्र

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. स्त्री कामगाराच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, म्हणून तिच्या बाळंतपणाचा भार मालकानेही उचलला पाहिजे. आणि हे राष्ट्राच्या हिताचं असल्याने सरकारनेही उचलला पाहिजे. ज्याला श्रमाचा लाभ, त्याच्यावर श्रमाची जबाबदारी. हेच सूत्र धावपट्टीवर लावा.

कुणी म्हणेल, कंपन्याही आता चाचण्यांना पैसा देतात. खरं आहे. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींतल्या चाचण्यांसाठी आयोजक आणि बूट कंपन्या निधी देतात. पण तो निधी धावणाऱ्याला पकडण्यासाठी आहे. धावणाऱ्याला सांभाळण्यासाठी किती आहे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बंदी राहिलीच पाहिजे. औषध घेऊन जिंकणारा शेजारच्या गरिबाच्याच पोराचा घास हिरावतो. पण प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्यामागे प्रशिक्षक, डॉक्टर आणि विक्रेत्याची चौकशी सक्तीची करा. प्रायोजक आणि आयोजकांकडून खेळाडूंच्या कायदेशीर मदतीसाठी आणि दुखापतीसाठी निधी घ्या. प्रतिबंधित औषधांची माहिती मराठीत, तालुक्याच्या मैदानापर्यंत पोचवा. खेळाडू आरक्षणाच्या जागा वेळेवर भरा.

आणि येडशीच्या रस्त्यावर धावणाऱ्या आमच्या भावा-बहिणींनो, तुम्हालाही सांगणं आहे. रक्तदाबाच्या साध्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइडसुद्धा प्रतिबंधित आहे. चेपनगेटिचच्या नमुन्यात तेच सापडलं होतं. म्हणून मेडिकलवरची कुठलीही गोळी, कुठलीही पावडर विचारल्याशिवाय घेऊ नका. आजारी असाल तर डॉक्टरला 'मी स्पर्धेत धावतो' हे आधी सांगा. पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो. ते फक्त दारूपुरतं समजू नका.

त्या मुलाने ती पुडी आमच्या हातात दिली. तिच्यात काय होतं ते आम्हाला कळलं नाही. तो अजून धावतो. १६०० मीटरला त्याला अजून वीसेक सेकंद कमी करायचे आहेत. ते तो करेल. त्याला कोणी विकणारा गाठण्याआधी आपण गाठायचं, एवढं काम आपलं.

जय भीम!