दबाई : कचऱ्यावरून फिरणाऱ्या रोलरचा इतिहास

सप्टेंबर २००० मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या घनकचऱ्याविषयीचे नियम जाहीर केले. बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेतून ते आले. त्यांच्या तिसऱ्या परिशिष्टात लँडफिल कसे चालवावे हे सांगितले आहे : कचरा पातळ थरांत पसरावा, जड कॉम्पॅक्टरने दाबावा, दिवसअखेर किमान १० सेंटीमीटर माती किंवा राडारोडा टाकून झाकावा. लगेच पुढे एक वाक्य येते. जास्त पावसाच्या भागात जिथे जड कॉम्पॅक्टर वापरता येत नाहीत, तिथे पर्यायी उपाय करावेत. पर्याय कोणते, हे त्या वाक्यात नाही. २०१६ चे नवे नियम आले, तेव्हाही हे वाक्य जवळपास जसेच्या तसे राहिले.

कोल्हापुरात राहणाऱ्याला हे वाक्य खटकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काही अपवाद नसतो, तो वर्षाचा एक तृतीयांश भाग असतो. हे यंत्र आले कुठून, ते नेमके करते काय आणि आपल्या कचऱ्याशी व पावसाशी त्याचे कितपत जमते, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्या जुन्या व्यवस्थेत कचरा दाबण्याची कल्पनाच नव्हती. गावात उकिरडा असे, आणि तो दाबायचा नसून कुजवायचा असे. शेणकचरा, राख, पालापाचोळा यांचे खत व्हायचे तर त्यात हवा खेळली पाहिजे, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. या ज्ञानाला शास्त्राची बैठक मिळाली ती इंदूरला. आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. ढीग थरांनी रचायचा, ओलावा राखायचा आणि ठरावीक दिवसांनी उलथापालथ करायची, ही तिची रीत. ढीग दाबला गेला की हवा संपते, कुजण्याची जात बदलते आणि वास सुटतो. म्हणजे कचऱ्याविषयीचा आपला स्वतःचा विचार दबाईच्या नेमका उलट होता.

दबाई आपल्याला माहीत होती ती जमिनीची आणि रस्त्याची. घराच्या जमिनीसाठी चोपणे होते, पायाच्या भरावासाठी धुम्मस होता. वाफेच्या रोड रोलरच्या इतिहासातही भारताचे नाव अगदी सुरुवातीलाच येते. कोलकाता नगरपालिकेचे अभियंता क्लार्क यांनी बाथो यांच्यासोबत १८६३ च्या सुमारास असा रोलर आखला. पुढे केंटमधल्या 'अॅव्हलिंग अँड पोर्टर'च्या रोलरांनी साम्राज्यभर रस्ते दाबले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात गुळगुळीत चाकाऐवजी खुंट्या बसवलेला रोलर आला. त्याला 'शीपफूट' म्हणतात, म्हणजे मेंढीच्या खुरांचा रोलर. वजन तेवढेच, पण ते लहान लहान खुंट्यांवर एकवटल्यामुळे माती खालून वर घट्ट होत येते. १९३३ साली लॉस एंजेलिसच्या राल्फ प्रॉक्टर यांनी धरणांच्या मातीवर काम करताना दाखवून दिले, की प्रत्येक मातीला दबाईसाठी एक योग्य ओलावा असतो. त्याहून कोरडी माती नीट दबत नाही आणि त्याहून ओली माती पाण्यावर तरंगल्यासारखी नुसती सरकते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

रस्त्याची दबाई कचऱ्यावर आली ती १९३७ साली, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात. तिथले सार्वजनिक बांधकामाचे प्रमुख जीन व्हिन्सेन्झ यांनी खंदक खणून त्यात कचरा टाकायचा, यंत्राने दाबायचा आणि खणलेली माती रोज त्यावर पसरायची, अशी पद्धत बसवली. इंग्लंडात 'कंट्रोल्ड टिपिंग' आधीपासून होते, पण दबाई आणि रोजचे आच्छादन यांची सांगड घालण्याचे श्रेय फ्रेझ्नोला दिले जाते. उंदीर कमी झाले, आगी कमी झाल्या, जागा जास्त दिवस पुरली. पुढे महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या छावण्यांतून ही पद्धत पसरली. २००१ साली अमेरिकेने त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. तीच जागा प्रदूषित स्थळांच्या सरकारी यादीतही होती, कारण व्हिन्सेन्झच्या खंदकांना तळाशी अस्तर नव्हते आणि दबलेल्या कचऱ्यातूनही विषारी पाणी भूजलात उतरतच होते.

सुरुवातीची बरीच वर्षे हे काम साखळीपट्ट्यांच्या बुलडोझरने होत असे, आणि आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी डोझर किंवा पोकलेनच दिसतो. इथे एक साधा गोंधळ आहे. डोझर जड दिसतो म्हणून तो दाबतो असे वाटते, पण साखळीपट्टा बनवला आहे तोच मुळी वजन पसरवण्यासाठी, म्हणजे यंत्र चिखलात रुतू नये म्हणून. वीसेक टनांच्या डोझरखालचा दाब दर चौरस सेंटीमीटरला किलोभरही नसतो, साधारण चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली पडतो तितकाच. तो कचरा ढकलतो आणि सपाट करतो, दाबतो थोडाच. महायुद्धानंतरच्या दशकांत आलेल्या लँडफिल कॉम्पॅक्टरला म्हणून पोलादी चाके आणि त्यांवर दात असतात. २० पासून ५५ टनांपर्यंतचे वजन त्या दातांवर येते. ते पिशव्या फाडतात, खोकी चिरडतात, पोकळ्या मोडतात. थर मात्र अर्ध्या मीटरच्या आत हवा आणि फेऱ्या तीन ते पाच. त्यापुढच्या फेऱ्यांत डिझेल जळते, घनता फारशी वाढत नाही. थर जाड झाला, तर कितीही जड यंत्र आणा, खालचा अर्धा भाग तसाच राहतो.

आता आकडे आपल्या शहराचे. कोल्हापूरचा रोजचा कचरा २०० टनांच्या आसपास धरू. वर्षाला झाले ७३,००० टन. आपला कचरा मुळातच ओला आणि जड असतो. अमेरिकी कचरा सैल असताना घनमीटरला शे-दोनशे किलो भरतो, आपला ४०० ते ५०० किलो. तो ५०० वरून ८०० पर्यंत दाबला, तर वर्षाला सुमारे ५५,००० घनमीटर जागा वाचते. दहा मीटर उंचीचा भराव धरला तर ही जमीन होते ५४ गुंठे, दर वर्षी. कोल्हापुरात ५४ गुंठे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण हेही दिसते, की सैल कचऱ्याच्या देशात दबाईने जो चार-पाच पट फायदा होतो, तो आपल्याला दीडपटीच्या आसपासच मिळतो. परदेशी माहितीपत्रकातला आकडा निविदेत उतरवला, की गणित तिथेच चुकते.

दुसरी अडचण नियमांतच आहे. २०१६ च्या नियमांनुसार लँडफिलमध्ये फक्त कुजत नाही, पुन्हा वापरता येत नाही आणि प्रक्रियेत बसत नाही असाच कचरा जायला हवा. समजा हा भाग एक पंचमांश, म्हणजे ४० टन आहे. घनमीटरला ८०० किलोने तो ५० घनमीटर भरतो, ४५ सेंटीमीटरच्या थरात जेमतेम ११० चौरस मीटर. एवढ्या जागेवर कॉम्पॅक्टरचे काम तासाभरात संपते. मग यंत्र आजच्या मिश्र कचऱ्यासाठी घ्यायचे की उद्याच्या वेगळ्या केलेल्या कचऱ्यासाठी? मोठे घेतले तर ते उभे राहते, आणि उभे यंत्र चालत्या यंत्राइतकेच खर्चिक ठरू शकते. लहान शहरांनी एकत्र येऊन यंत्र भाड्याने फिरवणे, किंवा डोझर ठेवून थर पातळ करण्याची शिस्त पाळणे, हे कमी दिमाखदार पण जास्त खरे उत्तर असू शकते.

घेतलेच, तर देखभाल हाच खरा खर्च. तारा आणि साड्यांच्या चिंध्या आसाभोवती गुंडाळतात आणि तेलाची सीले कापतात. त्या रोज संध्याकाळी काढाव्या लागतात. दातांमध्ये चिखल भरला, की दातेरी चाक गुळगुळीत होते, म्हणून चाकामागचे खरवडे शाबूत हवेत. उडता प्लॅस्टिकचा कपटा रेडिएटरवर बसतो आणि इंजिन तापते. एक्झॉस्टजवळ साठलेली धूळ पेट घेते. अख्खे यंत्र जळून जाण्याचे हे नेहमीचे कारण. दात झिजले तरी यंत्र चालत राहते, तासांचे बिलही येत राहते, फक्त दबाई होत नाही. दात वेल्डिंगने पुन्हा चढवता येतात, आणि हे कौशल्य आपल्याला परके नाही. साखर कारखान्यांच्या मिलच्या रोलरांवर हंगामभर धातू चढवणारे वेल्डर या जिल्ह्यात आहेत, आणि उद्यमनगरात ओतकाम व यंत्रकामाची परंपरा आहे. पण देखभालीचा करार लिहिताना ही माणसे कुणाला आठवत नाहीत.

आणि मग पाऊस. प्रॉक्टरची ओली माती इथे परत येते. आधीच ओला कचरा पावसात भिजला, की दातांखाली तो दबत नाही, सरकतो. उतारावर तर ३० टनांचे यंत्र स्वतःच घसरते. १० जुलै २००० रोजी फिलिपिन्समध्ये पायातासचा कचऱ्याचा डोंगर पावसानंतर कोसळला आणि २०० हून अधिक माणसे गाडली गेली. २१ फेब्रुवारी २००५ रोजी इंडोनेशियात बांडुंगजवळ असेच झाले, १४० हून अधिक माणसे गेली. २०१७ च्या १ सप्टेंबरला दिल्लीच्या गाझीपूरमध्ये दोघांचा जीव गेला. यातले बहुतेक लोक डोंगराच्या पायथ्याशी राहणारे किंवा कचरा वेचून जगणारे होते. कचरा न दाबता, उभ्या चढाने रचत जाणे आणि पाणी आत मुरू देणे यांचा हिशेब अशा रीतीने गरिबांच्या नावावर लागतो. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथली आग उपग्रहातून दिसली, तीही अशाच हवा भरलेल्या सैल ढिगांची.

पर्यायी उपाय त्यामुळे पावसाळ्याआधीच करायचे असतात. चढ तीनास एक किंवा त्याहून सौम्य ठेवायचा. नियमांतच सांगितलेले ४० ते ६५ सेंटीमीटरचे आच्छादन मे महिन्यात टाकून दाबून घ्यायचे. पावसाच्या दिवसांसाठी मुरमाच्या पक्क्या रस्त्यालगत एक छोटी जागा राखून ठेवायची, बाकीचे क्षेत्र ताडपत्रीने झाकायचे, आणि पाणी बाहेरूनच वळवायचे. यातल्या एकाही कामाला परदेशी यंत्र लागत नाही. वेळेवर मुरूम लागतो.

कोल्हापूरने टाकाळ्याची खण लँडफिलसाठी निवडली, आणि कसबा बावड्यात लाइन बाजारला झूम प्रकल्पाच्या जागेवर साठलेला जुना कचरा बायोमायनिंगने उपसायचे काम हाती घेतले. बायोमायनिंग म्हणजे डोंगर फोडणे, सैल करणे, हवा देणे, उलटत राहणे आणि शेवटी चाळणे. हॉवर्ड आणि वाड यांच्या ढिगाचीच ही रीत, फक्त काही दशके उशिरा आणि पोकलेनने. अॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथ्जे यांनी अमेरिकेतले घट्ट दाबलेले लँडफिल खणले, तेव्हा त्यांना कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा स्थितीत सापडली. उत्तम दबाई कचरा कुजवत नाही, जपून ठेवते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात फाइल दाबली तरी तिच्यातले काही कमी होत नाही, उघडल्यावर सगळे परत येते. इथेही तसेच आहे.

म्हणून यंत्र निवडण्याआधी काय दाबायचे ते निवडावे लागते. जे कुजते ते सैल ठेवायचे, जे कुजत नाही तेवढेच दाबायचे. ओले आणि सुके घरातच वेगळे झाले, तर शहराला लागणारे यंत्र लहान होते, त्याचे दात जास्त टिकतात आणि त्याचे पावसाळ्याचे दुखणे निम्मे कमी होते. कॉम्पॅक्टर किती टनांचा घ्यायचा, हा प्रश्न अखेर महापालिकेच्या निविदेइतकाच आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांचा आहे.