वॉर्साचा राजप्रासाद
वॉर्साचा राजप्रासाद : पोलंडमधील एक इतिहासप्रसिद्ध वास्तू व वस्तुसंग्रहालय. वॉर्सा शहराच्या जुन्या भागात, व्हिश्चला नदीच्या डाव्या तीरावरील उंचवट्यावर हा प्रासाद आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जवळजवळ पूर्णतः नष्ट झाला आणि १९७१ नंतर मूळ स्वरूपात पुन्हा उभारण्यात आला.

माझोव्हियाच्या सरदारांचे ठाणे चौदाव्या शतकात येथे होते. तिसऱ्या सिगिस्मंडने (कार. १५८७–१६३२) क्रेकोहून दरबार वॉर्सास हलविला आणि इटालियन वास्तुकारांकडून पंचकोनी आकाराचा प्रासाद बांधून घेतला (१५९८–१६१९). त्याच्या दर्शनी बाजूस घड्याळाचा उंच मनोरा आहे. पोलंडचा शेवटचा राजा स्टॅनिस्लॉस ऑगस्टस पोन्यातोव्हस्की (कार. १७६४–९५) याने डोमेनीको मेर्लीनी हा वास्तुकार व मार्चेलो बाचारेली हा चित्रकार यांच्याकरवी अंतर्भाग सजविला. येथील सेनेट दालनात ३ मे १७९१ रोजी यूरोपातील पहिले आधुनिक लिखित संविधान संमत झाले. पोलंडच्या फाळणीनंतर प्रासाद परकीयांच्या ताब्यात गेला. १९२६ पासून १९३९ पर्यंत तेथे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान होते.

जर्मन तोफांच्या माऱ्याने १७ सप्टेंबर १९३९ रोजी प्रासादास आग लागली. मनोऱ्यावरील घड्याळ ११ वाजून १५ मिनिटांनी बंद पडले आणि प्रासादाचे अभिरक्षक काझिमेझ ब्रोकल त्या दिवशी मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव्ह लॉरेंत्स व त्यांचे सहकारी यांनी चित्रे, दारांच्या चौकटी, शेकोट्या व कोरीव कामाचे तुकडे यांपैकी शक्य तेवढे बाहेर काढले. पुढे जर्मनांनी सुरुंगांसाठी भिंतींत हजारो भोके पाडली व १९४४ मध्ये उरलेल्या भिंती उडवून दिल्या. राजसत्ता, संसद व संविधान यांची स्मृती एकाच वास्तूत एकवटली असल्याने हा विध्वंस लष्करी गरजेपोटी नव्हे, तर राष्ट्राचे अस्तित्व पुसण्यासाठी झाला होता.

पुनर्बांधणीचा ठराव पोलिश संसदेने १९४९ मध्ये केला. पण काम सुरू झाले नाही आणि सुमारे वीस वर्षे ही जागा जवळजवळ रिकामी राहिली. बाल्टिक किनाऱ्यावरील बंदरांत डिसेंबर १९७० मध्ये कामगारांवर गोळीबार झाल्यानंतर सत्तेवर आलेल्या एडवर्ड गिएरेक यांच्या राजवटीस लोकांचा विश्वास संपादन करणे आवश्यक होते. जानेवारी १९७१ मध्ये पुनर्बांधणीचा निर्णय जाहीर झाला. खर्चासाठी देशातील तसेच परदेशांतील पोलिश लोकांनी देणग्या दिल्या. जुनी छायाचित्रे, मोजमापांचे नकाशे व वाचविलेले अवशेष यांचा आधार घेण्यात आला. १९ जुलै १९७४ रोजी घड्याळ नेमके ११ वाजून १५ मिनिटांनी पुन्हा सुरू करण्यात आले आणि १९८४ मध्ये प्रासाद प्रेक्षकांना खुला झाला.

प्रेक्षकास येथे नवे व जुने सरमिसळ आढळते. नृत्यदालनाच्या छतावरील बाचारेलीचे चित्र नष्ट झाल्याने ते नव्याने रंगविलेले आहे. उलट, कानालेत्तो या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या बेर्नार्दो बेल्लोत्तो याची वॉर्साची दृश्ये अस्सल असून ती युद्धानंतर परत मिळाली. जुन्या शहराच्या उभारणीत त्यांचाही उपयोग झाला. कादंबरीकार स्तेफान झेरोम्स्की यांच्या येथील निवासस्थानाची खिडकी असलेला भिंतीचा भाग हा स्फोटांतून वाचलेला अवशेष नव्या भिंतीत सामावलेला आहे.

तर्काधिष्ठित पुनर्रचना करू नये, असे १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे. भग्नावशेष तसेच जतन करावेत, असे मानणाऱ्यांना ही वास्तू प्रतिकृतीच वाटते. तथापि काळाच्या ओघात पडलेली वास्तू व हेतुपुरस्सर पाडलेली वास्तू यांत फरक आहे. दुसरीचे अवशेष तसेच ठेवल्यास विध्वंसकाचाच हेतू सिद्धीस जातो. १९८० मध्ये यूनेस्कोने वॉर्साचा जुना भाग जागतिक वारसा म्हणून मान्य केला, तो त्याच्या प्राचीनत्वासाठी नव्हे, तर या पुनर्बांधणीसाठी होय. प्रासादाचे दगड बहुतांशी नवे आहेत. ते पुन्हा रचण्यामागील इतिहास मात्र अस्सल आहे.