गाणें टिपणारी खोली

करमाळ्यास निंबाळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलेलें कमलाभवानीचें मंदिर आहे. अशा दगडी देवळांत आरती सुरू झाली, कीं घंटेचा नाद बराच वेळ घुमतो आणि भाविकांस तो घुमाराच प्रिय वाटतो. परंतु तेथेंच एखाद्या आजीबाईची ओवी यंत्रानें टिपून घेतली, तर एक शब्द दुसऱ्यांत मिसळून जाईल. देवळास जें भूषण, तें ध्वनिमुद्रणास दूषण होय.

आरंभीं ही अडचण फारशी जाणवली नाहीं. १९०२ सालीं गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, तें हॉटेलांतील एका खोलींत. गायकानें कर्ण्याच्या तोंडाशीं गावें आणि सुमारें तीन मिनिटांत चीज आटोपावी, अशी त्या काळची रीत होती. कर्ण्यास जवळचें तेवढेंच ऐकूं येई. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला. तो नाजूक स्वर टिपूं लागला, तसा भिंतींवरून परतणारा आवाजही टिपूं लागला.

या परतणाऱ्या आवाजाचें गणित त्यापूर्वींच मांडलें गेलें होतें. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे एक सदोष व्याख्यानगृह सोंपविलें. तेथें उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत असे. सॅबाइन यांनीं रात्रीच्या वेळीं जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून मांडल्या व घुमारा किती घटतो तें मोजलें. खोलीचें घनफळ जितकें मोठें, तितका घुमारा लांब. आवाज शोषणारें सामान जितकें अधिक, तितका तो आंखूड, हा त्यांचा निष्कर्ष.

चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तेवढीच उंच अशी गिलाव्याची रिकामी खोली घेतली, तर या नियमानें घुमारा सुमारें तीन सेकंदांचा येतो. तिच्या भिंतींवर बारा चौरस मीटर जाड लोंकरी कापड टांगलें, तर तो पाऊण सेकंदावर उतरतो. सोलापूर जिल्ह्यांत घोंगडी आणि गोधडी या वस्तू परक्या नाहींत. त्या भिंतीपासून वीतभर पुढें टांगाव्या, म्हणजे अधिक गुण येतो.

मात्र येथें अतिरेकही घातक ठरतो. लंडनच्या सॅव्हॉय हिल येथील ध्वनिक्षेपणगृहांत १९२३ सालीं भिंतींस जाड पडदे लावले होते; त्यांत स्वर कोंडल्यासारखा होई. पातळ कापड उंच स्वर गिळतें, खर्ज मात्र तसाच सोडतें. त्यामुळें तंबोऱ्याची जवारी मरते आणि डग्गा घुमत राहतो. यासाठीं कोपऱ्यांत कापूस भरलेलीं जाड पोतीं रचावीं, एखादी भिंत उघडी ठेवावी आणि टाळी वाजवून पाहावी. आणखी एक भ्रम टाळावा: घोंगडी आंतला घुमारा शोषते, रस्त्यावरचा गोंगाट अडवीत नाहीं. त्यासाठीं जड भिंत आणि घट्ट दारच हवें.

हेमा रायरकर व गी पॉइटविन यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील हजारों ओव्या स्त्रियांच्या मुखांतून ध्वनिमुद्रित झाल्या. जातें घरोघरीं थांबलें आहे आणि त्या गाणाऱ्या पिढीच्या स्त्रिया दिवसेंदिवस कमी होत आहेत. मुद्रणांत एकदां मिसळलेला घुमारा पुढें पुरता वेगळा करितां येत नाहीं. म्हणून आजीनें ओवी म्हणण्यापूर्वीं घोंगडी टांगलेली असावी.