कशेडी घाट आणि फियाट

'मसल कार' म्हटलं की अमेरिकेतल्या आडदांड गाड्या डोळ्यांपुढे येतात. उदाहरणार्थ १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ. आठ सिलिंडर, ६.४ लिटरचं इंजिन, ३२५ अश्वशक्ती. कशासाठी, तर सिग्नल सुटला की शेजारच्याला मागे टाकायला!

त्याच १९६४ साली आपल्या कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. सत्तरच्या दशकात हिचीच 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या चाकरमान्यासाठी हीच काय ती मसल कार, आणि तिच्या दंडातली ताकद कळायची ती पोलादपूर सोडून कशेडी घाट लागला की.

मे महिना, आत पाच-सहा माणसं, टपावर सामान. स्टिअरिंगला लावलेला गिअर दुसऱ्यात टाकून गाडी कण्हत चढायची. इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बंद. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, रेडिएटर निवला की पाणी घाला... उतरताना चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही तापायचे. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

आता आजची घरगुती गाडी बघा. १.२ लिटरच्या वॅगनआरचं इंजिन ११९७ सीसी. म्हणजे फियाटपेक्षा जेमतेम १०८ सीसी जास्त, पण ताकद दुपटीहून अधिक! कारण कार्बोरेटर गेला, पेट्रोल संगणक मोजून देतो. दर सिलिंडरला दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह आहेत. पंप टाकीतच असतो, त्यामुळे वाफेची कटकट नाही. पुढे डिस्क ब्रेक, एबीएस, एअरबॅग. लहान मुलं घेऊन घाट चढायचा तर मी डोळे मिटून हीच निवडेन. जुन्याचं कौतुक करताना हे विसरू नये.

पण या हिशोबात एक रकाना राहतो. फियाटला थांबावंच लागायचं, म्हणून घाटाला गिऱ्हाईक मिळायचं. इंजिन निवेपर्यंत चहा व्हायचा, कोकम सरबत व्हायचं, पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली जायची. गाडीचा अशक्तपणा हीच घाटातल्या माणसांची कमाई होती. नव्या गाडीला ना पाणी लागतं ना विसावा.

२०२३ च्या गणपतीत कशेडीचा सुमारे २ किलोमीटरचा बोगदा वाहनांसाठी पहिल्यांदा उघडला, एकाच बाजूने. चाळीसेक मिनिटांचा घाट दहा मिनिटांवर आला. आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. तिची वीस वर्षांची मुदत संपली होती. जिला घाट जड जायचा ती गाडी आणि तिला दमवणारा घाट, दोघांची गरज दीड-दोन महिन्यांच्या अंतराने संपली!

असो. बोगदा हवाच होता. अपघात आणि पावसाळ्यातल्या दरडी ज्यांनी पाहिल्यात ते कोणीच नाही म्हणणार नाहीत. पण पुढच्या खेपेला घाई नसेल आणि आभाळ कोरडं असेल, तर गाडी जुन्या रस्त्याने घाला. गाडी तापणार नाही, तरी थांबा. वर कोणी करवंदं घेऊन बसलं असेल तर भाव न करता घ्या.