बदकाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं

भ्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे दोरी आणि साप येतात, शिंपला आणि चांदी येतात. या उदाहरणांत फसणारा असतो, पण फसवणारा नसतो. दोरी कुणी मुद्दाम साप दिसावी म्हणून टाकलेली नसते. आज आपण मुद्दाम घडवलेल्या भ्रमाबद्दल बोलणार आहोत, म्हणजे मारीचाच्या सोन्याच्या हरणाच्या जातीचा भ्रम. इथे फसणारं बदक आहे, फसवणारा माणूस आहे, आणि ठिकाण आहे उत्तर अमेरिका.

सुरुवात नेव्हाडा राज्यातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेपासून करू. १९२४ साली तिथल्या उत्खननात ११ बदकं सापडली. पाणथळीतल्या लव्हाळ्यासारख्या गवताच्या जुड्या वळून, बांधून केलेली. काहींना रंग दिलेला, काहींना खरी पिसं लावलेली. टोपलीत नीट ठेवून ती जमिनीखाली पुरली होती, पुढच्या हंगामात लागतील म्हणून ठेवावीत तशी. वय सुमारे २००० वर्षं. आज तो भाग रखरखीत आहे, पण तेव्हा गुहेच्या आसपास सरोवर होतं.

अशा नकली पक्ष्याला इंग्रजीत ‘डिकॉय’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला असं मानतात. डचमध्ये ‘कोय’ म्हणजे पिंजरा. आपण साधं ‘भुलवं बदक’ म्हणू.

युरोपातून अमेरिकेत आलेल्या लोकांनी भुलवं बदक लाकडाचं केलं. आता प्रश्न असा, की लाकडाचा ओंडका बदकासारखा दिसण्यासाठी त्यात नेमकं काय हवं? आपण म्हणू, पिसांची बारीक नक्षी. पण कारागिरांना अनुभवानं वेगळंच कळलं होतं. उंचावरून येणाऱ्या थव्याला नक्षी दिसत नाही. दिसतो तो एकूण आकार, रंगाचे मोठे पट्टे आणि पाण्यावर बसण्याची ढब. म्हणून पोटाखाली शिशाचं वजन ठोकायचं, म्हणजे लाटेवर ते कलंडत नाही. रंग चकाकता कामा नये, कारण ओल्या पिसाऱ्यावर तशी चकाकी नसते. आणि मान? मान उंच ताणलेली नको. ताणलेली मान म्हणजे धोका. मान खाली घेऊन विसावलेलं बदक पाहिलं, की वरच्या थव्याला वाटतं, इथे भीती नाही.

इथे जरा थांबू या, कारण आजचा मुख्य मुद्दा हाच आहे. भुलवं बदक ही बदकाची नक्कल आहे, पण त्याहून जास्त ती निर्धास्तपणाची नक्कल आहे. नैयायिक सांगतात, की ज्यानं खरी चांदी आधी पाहिलेली असते त्यालाच शिंपल्यात चांदी दिसते. तसंच हे. जिथे आपल्यासारखे इतर निवांत बसलेत तिथे उतरावं, हा बदकाचा खरा आणि उपयोगाचा अनुभव आहे. शिकारी त्याचाच फायदा घेतो.

पण विश्वास दाखवून भागत नाही, भीतीचं कारणही लपवावं लागतं. ते कारण म्हणजे स्वतः माणूस. त्यासाठी होड्या बनल्या. न्यू जर्सीतल्या बार्नेगॅट उपसागरात हेझेल्टन सीमन नावाच्या होडी बांधणाऱ्यानं १८३६ साली एक होडी केली, तिला पुढे ‘स्नीकबॉक्स’ म्हणू लागले. सुमारे १२ फूट लांब, ४ फूट रुंद, चमच्यासारखी उथळ, हलक्या सीडर लाकडाची. वरून जवळजवळ सगळी बंद, मध्ये एक माणूस आत सरकेल एवढीच फट. वल्ह्याचे आधार आडवे पाडता यायचे, शीड लावता यायचं, बर्फावरून ओढत नेता यायची. खाडीकाठचं गवत वर पसरलं, की होडी आणि काठ यांत फरक दिसत नसे. एकट्या माणसाला झेपेल अशी ती होडी होती. लोक तिच्यातून लांबच्या प्रवासालाही गेले. नॅथॅनियल बिशप नावाचे गृहस्थ तर तिच्यातून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचले आणि १८७९ साली त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

लपण्याची परमावधी मात्र ‘सिंकबॉक्स’मध्ये झाली. शवपेटीसारखी एक पेटी, तिच्या चारी बाजूंना पाण्यावर पसरलेले फळ्यांचे आणि कॅनव्हासचे पंख. माणूस आत उताणा निजायचा. पंखांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवायची. ती दिसायला भुलवी, पण त्यांचं खरं काम वजनाचं. त्या भारानं सगळं लाकूडकाम पाण्याच्या पातळीला यायचं. भोवती दोनशे, तीनशे, कधी त्याहून जास्त लाकडी बदकं. उघड्या पाण्याच्या मध्यभागी माणूस आहे, आणि तो दिसतच नाही!

याचं मोठं केंद्र होतं मेरिलँडमधलं हॅव्हर डी ग्रेस. तिथे सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते आणि मैलोन्‌मैल उथळ पाणी पसरतं. त्या पाण्यात ‘वाइल्ड सेलरी’ नावाचं गवत उगवायचं आणि ते खायला कॅनव्हासबॅक बदकांचे प्रचंड थवे यायचे. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला दिसणारी लालसरी आठवा. हे तिचंच अमेरिकन भावंडं. त्याच्या शास्त्रीय नावात या गवताचंच नाव आहे. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत या बदकाला मोठी मागणी. रेल्वे आली, बर्फात माल जाऊ लागला, आणि घरच्या चुलीसाठी होणारी शिकार बाजारासाठी होऊ लागली. काही जण रात्री सपाट होडीवर तोफेसारखी लांब बंदूक बांधून, दिव्याच्या उजेडात, एका बारात डझनावारी पक्षी पाडत.

लोकांना हे खटकत नव्हतं असं नाही. न्यूयॉर्क राज्यानं १८३८ सालीच अशा पेट्यांवर बंदी घातली होती. शिकारी तोंडावर मुखवटे चढवून पाण्यात उतरले, आणि शेवटी कायदाच मागे घ्यावा लागला. आधी बदकापासून लपलेला माणूस आता माणसांपासूनही लपू लागला.

पुढे १९०० साली लेसी कायदा आला. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानं रानबदकांची विक्री बंद झाली. तीसच्या दशकात मोठा दुष्काळ पडला, विणीची तळी आटली, आणि १९३५ साली सिंकबॉक्सवर आणि जिवंत भुलव्या बदकांवर बंदी आली. हो, जिवंतही असत! पाळीव बदकांच्या पायाला दोरी बांधून त्यांना ओरडायला लावत. आपल्याकडे पारधी तित्तर पाळून त्याच्या आवाजावर रानातले तित्तर पकडत, तसंच.

आता हा कायदा नीट पाहा. लाकडी बदक चालेल, जिवंत चालणार नाही. होडी चालेल, सिंकबॉक्स चालणार नाही. कायद्याचा हेतू पक्ष्यांची संख्या टिकवणं हा होता, नीतीचा धडा देणं हा नव्हता. तरी आम्हांला त्यात एक विचार दिसतो. फसवणूक पूर्ण बंद केली नाही, पण ती इतकी परिपूर्ण होऊ द्यायची नाही की पक्ष्याला ओळखून निसटायची संधीच उरणार नाही.

लाकडी बदकांचं पुढे काय झालं? ती फळीवर चढली. जोएल बार्बर या वास्तुरचनाकारानं ती गोळा करायला घेतली आणि १९३४ साली त्यांवर पुस्तक काढलं. क्रिसफील्डचे वॉर्ड बंधू पेशानं न्हावी, हॅव्हर डी ग्रेसचे मॅडिसन मिचेल अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारे. त्यांच्या हातची बदकं आता संग्रहालयांत आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांची दोन बदकं २००७ साली प्रत्येकी ११ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. आता नक्कल पारखणारा माणूस आहे. त्याला पिसांची ती बारीक नक्षी हवी असते, जिच्याकडे बदकानं ढुंकून पाहिलं नसतं.

आणि खरी बदकं? १९७२ साली ॲग्नेस वादळाचा पूर आला. आधीच गढूळ झालेल्या त्या पाण्यात गाळ पसरला आणि हॅव्हर डी ग्रेससमोरचं गवत जवळजवळ नाहीसं झालं. बंदुका कायद्यानं आवरल्या होत्या, पेट्या कधीच बंद झाल्या होत्या. पण खायलाच नाही तर बदकांनी तिथे उतरावं कशाला? मग कितीही सुबक लाकडी थवा मांडा. शिकाऱ्यांनी शंभर वर्षं ज्या निर्धास्तपणाची नक्कल केली, त्याचं मूळ त्या गवतात होतं, आणि ते राखायचं काम कुणाच्याच पेशात बसत नव्हतं. या शतकात नदीचं पाणी थोडं सुधारलं तसं तिथलं गवत बऱ्याच प्रमाणात परत आलं आहे. आपल्या उजनी-जायकवाडीच्या पाण्याचा विचार करताना हे लक्षात ठेवू या.