जैवघड्याळ, चयापचयी
अन्न, झोप व हालचाल यांच्या वेळांशी शरीरातील साखर-चरबीचा व्यवहार जुळवणारी, सुमारे २४ तासांची अंतर्गत कालयंत्रणा.

रोनाल्ड कोनोप्का व सीमोर बेंझर यांनी १९७१ मध्ये फळमाशीत दिनचक्र बिघडवणारे जनुक शोधले. दिनचक्राची रेण्वीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले (→ आनुवंशिकी).

मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये असते आणि ते प्रकाशाने लागते. यकृत, स्वादुपिंड व स्नायूंतील घड्याळे मात्र बरीचशी जेवणाच्या वेळेवर चालतात. अवेळी जेवण झाले की ही दोन वेळापत्रके एकमेकांपासून फारकत घेतात. तेच ताट सकाळपेक्षा रात्री रक्तशर्करा अधिक वाढवते. अंधारात स्रवणारे मेलॅटोनिन इन्शुलिनचा स्राव कमी करते. एमटीएनआर१बी जनुकाचे एक रूप असलेल्यांत हा परिणाम तीव्र असतो. व्यायामात स्नायू इन्शुलिनविनाही ग्लुकोज ओढून घेतात (→ इन्शुलिन, मधुमेह).

रात्रपाळी करणाऱ्यांत टाइप २ मधुमेह व हृदयविकाराचा धोका अधिक आढळतो. भारतीयांत त्याला देहरचनेचीही जोड मिळते : २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन्ही संशोधकांचा बीएमआय २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के भरली.